नायट्याची पकड

पहाटे पाचच्या सुमारास कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीचं दार उघडलं की आधी वास येतो. तांबडी माती, तेल, हळद, ताक, रात्रभर कोंडलेली हवा आणि दोरीवर अर्धवट वाळलेले लंगोट, सगळ्यांचा मिळून एकच वास. दोन पोरं खोरं घेऊन हौदातली माती उकरायला लागतात. कुणी कोपऱ्यात जोर मारतंय, कुणी बैठका काढतंय. थोड्या वेळानं जोड्या लागतात आणि तासाभरात अंगं अशी मातीनं माखतात की कुठला हात कुणाचा ते कळत नाही.

त्यात एखादा पोरगा टी-शर्ट काढत नाही. बाकी सगळे लंगोटावर आणि हा एकटाच कोपरापर्यंत झाकलेला. वस्तादांची नजर जातेच. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘काय न्हाई वस्ताद, घामोळं उठलंय.’ टी-शर्ट उतरवला की दंडापासून खांद्यापर्यंत एकात एक अडकलेली वर्तुळं दिसतात. कडा लालसर, किंचित उंच, कोंडा धरलेली. मधली कातडी मात्र बरी झाल्यासारखी. घामोळं असं कंपासनं आखल्यागत उठत नाही. हा नायटा. जुनी माणसं गजकर्ण म्हणतात, शहरातली पोरं ‘फंगल’ म्हणतात.

तो लपवतो, कारण त्याचा हिशेब पक्का असतो. दिवाळी सरली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटलं की कुस्त्यांचं मैदान आलंच. जोड ठरलेली असते, पोस्टरवर नाव छापून आलेलं असतं. वडील महिन्याच्या महिन्याला दूध, तूप, बदामाचा खर्च कसाबसा उचलत असतात. अशात ‘पंधरा दिवस मातीत उतरू नको’ म्हटलं, की ती जोड दुसऱ्याच्या नावावर जाणार. मग तो चौकातल्या औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणतो, गुपचूप लावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडीला उभा राहतो. तालमीतल्या रोगराईची बरीचशी कहाणी या एका लपवालपवीत आहे. जंतू तिथे नंतर येतात.

नायट्याची बुरशी जिवंत मांसात शिरत नाही. तिचं खाद्य केराटिन. कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर, केस आणि नखं ज्या प्रथिनाची बनतात ते हे. एका जागी रुजली की ती चारी बाजूंना सारख्याच वेगानं खात सरकते आणि मागचा पट्टा सोडून देते, म्हणून वर्तुळ. लागण झाल्यापासून चकंदळ दिसेपर्यंत चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कितीही वेळ जातो. तोवर पोरगा पंधरा जणांशी झुंजलेला असतो. कुणाकडून आलं आणि कुणाकुणाला दिलं, याचा माग लागत नाही. गळून पडलेल्या कोंड्यातले बीजाणू कपड्यांत, अंथरुणात, पट्ट्याच्या शिवणीत महिनोन्‌महिने तग धरतात.

पैलवानांना हा नायटा होतो तेव्हा त्याच्या जागाही कुस्तीच्याच असतात. डोकं, मान, खांदे, दंड. गर्दनखेच करताना कातडी कातडीवर घासते ती इथेच. कमरेला किंवा जांघेत उठलेला नायटा बहुधा ओल्या लंगोटाची आणि घामाची देणगी असतो, मानेवरचा बहुधा जोडीदाराची. वैद्यकशास्त्रानं या आजाराला नावही झोकात दिलंय, ‘टिनिया कॉर्पोरिस ग्लॅडिएटोरम’. ग्लॅडिएटर म्हणजे रोमच्या आखाड्यातले लढवय्ये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि खासबाग मैदानाची कल्पना तिथून आली, असं कोल्हापुरात सांगतात. मैदान १९१२ मध्ये खुलं झालं. पैलवानांच्या रोगाच्या नावातही तोच रोमन येऊन बसावा, ही गंमतच.

आता त्या ट्यूबकडे वळायला हवं, कारण खरा घोळ तिथे आहे.

‘नायट्यावरचं काहीतरी द्या’ असं म्हटलं की काउंटरवर पुष्कळदा जे हातात पडतं त्यात तीन-चार औषधं एकत्र कोंबलेली असतात. एक बुरशी मारणारं, एक जंतूंवरचं आणि एक जबर स्टेरॉइड. पहिल्याच रात्री खाज थांबते. तीन-चार दिवसांत लाली उतरते. ‘लागू पडली’ म्हणून तीच ट्यूब खोलीतल्या चौघांत फिरते. प्रत्यक्षात स्टेरॉइडनं कातडीचा पहारेकरी तेवढा झोपवलेला असतो. लाली आणि खाज हा शरीराचा प्रतिकार होता, तो बंद झाला आणि बुरशीला रान मोकळं मिळालं. वर्तुळाची कड पुसट होते आणि चट्टा असा विचित्र पसरतो की डॉक्टरही क्षणभर फसतात. या वेषांतर केलेल्या नायट्याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणतात. ट्यूब संपली की तो दामदुप्पट होऊन परततो. पोरगा दुसरी ट्यूब आणतो. असं वर्षभर चाललं की जांघेतली कातडी कागदासारखी पातळ होते आणि तिच्यावर जे पांढरट चरे उमटतात ते जन्मभर जात नाहीत.

सरकारला हे ठाऊक आहे. कातडीला लावायची अनेक स्टेरॉइडं २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये घातली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बेकायदा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनं ३२८ मिश्र औषधांवर बंदी आणली, त्यांत अशी काही मलमंही होती. कायदा झाला, पण चौकातल्या काउंटरवरचं संभाषण फारसं बदललं नाही.

या अर्ध्यामुर्ध्या उपचारांचं फळ आता जगभर फिरतंय. भारतात गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांना एक चिवट नायटा भेटू लागला. दोन-चार आठवडे टर्बिनाफिनच्या गोळ्या घेतल्या की बरा होणारा आजार त्या गोळीला दादच देईना. बुरशीच्या जनुकात असा बदल झाला होता, की औषध ज्या जागी बसून तिला मारतं ती जागाच फिरली होती. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या नमुन्यांवरून या बुरशीला वेगळं नाव दिलं, ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’. नावातच आपला देश. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांना हिची लागण झाल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत नोंदले गेलेले हे पहिले रुग्ण. त्यांतली एक बांगलादेशात जाऊन आलेली होती. दुसरी अलीकडे देशाबाहेर कुठेच गेली नव्हती. अशा रुग्णांना आता इट्राकोनाझोलसारखं दुसरं औषध द्यावं लागतं आणि तेही बऱ्याचदा कित्येक आठवडे.

दोष तालमींच्या माथी मारायचं कारण नाही. घराघरांत, होस्टेलांत, कारखान्यांच्या खोल्यांत हेच चाललंय. तालमीत फक्त वेग वाढतो, कारण इथे दिवसातून दोनदा अंगाला अंग भिडतं.

मातीचा विषय काढला की जुने वस्ताद हमखास सांगतात, ‘आमच्या मातीतच औषध आहे.’ हौदात नुसती माती नसतेच. तांबडी माती चाळून घेतात, तिच्यात हळद, लिंबू, ताक, तेल, कापूर घालतात, कुठे कडुलिंबाचा पाला, कुठे दूध-तूप. मग ती रोज उकरायची, वरखाली करायची, ओल राखायची. नागपंचमीला आखाड्याची पूजा होते. मातीत चप्पल घालून जायचं नाही, थुंकायचं नाही.

यातलं औषध किती आणि श्रद्धा किती? प्रयोगशाळेतल्या बशीत हळदीचा अर्क बुरशीची वाढ रोखतो, हे खरं. म्हणून ट्रकभर मातीत कालवलेली हळद समोरच्याच्या मानेवरची बुरशी मारेल, हे मानायला धाडस लागतं. बुरशीतज्ज्ञ नायट्याच्या बुरशींचे तीन गट करतात. काही मातीत राहणाऱ्या, काही जनावरांवरच्या, काही माणसांवरच्या. मातीतल्यांचा माणसाला त्रास क्वचित होतो. तालमीत पसरतो तो बहुतेक माणसाकडून माणसाकडे. म्हणजे मातीनं रोग दिला हे जसं चूक, तसं माती रोग काढून घेईल हेही चूक. उलट मातीचा खरा धोका दुसरीकडेच आहे, तो म्हणजे धनुर्वात. उघड्या जखमेवर माती थापून रक्त थांबवायची सवय अजून गेलेली नाही. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतातच, त्यांना ताक-हळदीचं सोयरसुतक नाही. तालमीत येणाऱ्या प्रत्येक पोराचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, ही पहिली चौकशी हवी.

मात्र मातीचा एक गुण मान्य करावा लागतो. ती घाम पिते. रोज उकरली जाते, त्यामुळे कालचा घाम आजच्या अंगाखाली तसाच राहत नाही. गादीचं तसं नाही.

१९४८ मध्ये खाशाबा जाधव लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा गोळेश्वरच्या मातीत घडलेल्या या मल्लाला गादी परकी होती. तिथे ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं. तेव्हापासून गादी टाळता येत नाही हे उघड झालं. आज महाराष्ट्र केसरीतही माती विभाग आणि गादी विभाग असे दोन गट असतात आणि दोन्हीकडचे विजेते किताबासाठी भिडतात. तालुक्याच्या ठिकाणीही हॉलमध्ये गादी आली, मुली कुस्तीत आल्या त्याही बहुतेक गादीवरच. पण मातीची निगा जशी अंगवळणी पडली होती, तशी गादीची पडली नाही. गादी एकदा आणून टाकली की झालं, अशी समजूत.

रेक्झिनसारख्या त्या आवरणावर घाम तसाच साचतो. गुडघा, कोपर, गालफड घासून कातडी सोलवटते आणि सोलवटलेली कातडी म्हणजे जंतूंना उघडं दार. आवरणाला चीर पडली की आतला फोम घाम पिऊन बसतो, तो कशानंच धुतला जात नाही. त्यात पोरं त्याच बुटांनी संडासात जाऊन परत गादीवर येतात. मातीत चप्पल नेणाऱ्याच्या पाठीत धपाटा घालणारे वस्ताद इथे काही बोलत नाहीत. बुटांना त्यांच्या शिस्तीत जागाच नव्हती.

गादीवरची कुस्ती शाळाशाळांत खेळली जाते त्या अमेरिकेनं याची किंमत मोजली आहे. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला जे बारीक फोड उठतात, त्यांचा विषाणू हर्पिस सिम्प्लेक्स. कुस्तीत तो ओठावरून समोरच्याच्या गालावर, मानेवर, कानामागे जातो. १९६४ मध्ये दोन डॉक्टरांनी पैलवानांतल्या या आजाराची नोंद केली आणि त्यालाही ‘ग्लॅडिएटोरम’ हेच शेपूट लागलं. १९८९ च्या जुलैमध्ये मिनेसोटा राज्यात शाळकरी पैलवानांचं चार आठवड्यांचं निवासी शिबिर होतं. १७५ पोरं. त्यांतल्या ६० जणांना लागण झाली. वजनानुसार सरावाचे गट पाडले होते. हलक्या वजनाच्या गटात चारांत एकाला, तर सगळ्यात वजनदार गटात तिघांतल्या दोघांना. पुढे २००७ मध्ये त्याच राज्यात शाळांमधली कुस्ती आठ दिवस पूर्ण थांबवावी लागली. सामने नाहीत, सरावही नाही. आपल्याकडे ऐन जत्रांच्या हंगामात आठ दिवस राज्यभर कुस्ती बंद ठेवायची म्हटली तर काय गदारोळ होईल, कल्पना करावी.

हा विषाणू अंगात एकदा शिरला की मज्जातंतूंच्या मुळाशी कायमचा ठाण मांडून बसतो. जागरण, ताप, वजन तोडणं यांनी शरीर खचलं की पुन्हा डोकं वर काढतो. डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. नायट्यासारखा तो मलमानं मिटत नाही, गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्याही लवकर. फोड उठल्याबरोबर.

म्हणून तिकडच्या महाविद्यालयीन कुस्तीत नियम आकड्यांत बांधले आहेत. अंगावर नायटा असेल तर किमान ७२ तास औषध लावल्याशिवाय गादीवर पाय नाही, डोक्यात असेल तर १४ दिवस पोटातून औषध. हर्पिस असेल तर किमान पाच दिवस गोळ्या, तीन दिवसांत नवा फोड नाही आणि जुन्यांवर कोरडी खपली. पू धरलेलं गळू असेल तर ७२ तास प्रतिजैविकं, ४८ तासांत नवं गळू नाही आणि कुठूनही ओल नाही. ओली जखम नुसती पट्टीखाली झाकून चालत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही वजनाआधी डॉक्टर कातडी बघतात. सांसर्गिक काही दिसलं की पैलवान बाहेर. मग चार वर्षांची मेहनत असो, नाहीतर विमानाचं तिकीट.

आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडतील असं नाही. आपल्याकडची बुरशी चिवट झाली आहे, तिला ७२ तास कमी पडू शकतात. उपयोगाची गोष्ट निराळीच आहे. निर्णय वस्तादांच्या मर्जीवर किंवा पोराच्या हिमतीवर राहिला नाही. तारीख ठरली. ‘अमुक दिवशी परत ये’ म्हटलं की पोरगा लपवत नाही. ‘बरं झाल्यावर बघू’ म्हटलं की लपवतो.

टॉवेलचं प्रकरण मात्र स्वतंत्र सांगण्यासारखं आहे. २००३ च्या हंगामात सेंट लुईस रॅम्स या अमेरिकी व्यावसायिक फुटबॉल संघात ५८ पैकी पाच खेळाडूंना मिळून आठ वेळा एमआरएसएची गळवं झाली. नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारा हा स्टॅफिलोकोकस जिवाणू. गळवं उठली ती सगळी कृत्रिम हिरवळीवर घासून कातडी निघाली होती तिथेच. करोडोंच्या पगाराचे खेळाडू, पदरी डॉक्टर, फिजिओ. तपास करणाऱ्यांना काय आढळावं? मैदानावर तीन-तीन खेळाडू एकच टॉवेल वापरत होते. जखमा हाताळणाऱ्यांना हात धुवायची नीट सोय नव्हती. अंघोळ न करताच खेळाडू सामाईक गरम पाण्याच्या टाकीत उतरत होते. उपाय झाले ते याच गोष्टींवर आणि गळवं आटोक्यात आली.

आपल्या तालमीत टॉवेलच्या जागी पंचा असतो, एवढाच फरक. खिळ्याला टांगलेला एक पंचा, दिवसभरात दहा जणांची तोंडं पुसणारा.

शहरातल्या जिममध्ये अंगाला अंग लागत नाही, म्हणून तिथली मंडळी निर्धास्त असतात. लागतं ते बेंचला. बनियनवर चेस्ट मारून एक जण उठतो, त्याच्या घामाच्या ओल्या आकारावर दुसरा आडवा होतो. स्प्रेची बाटली भिंतीवर असते, पण स्प्रे मारून लगेच पुसलं तर जंतू मरत नाहीत, फक्त पसरतात. त्यात आणखी एक, अंगावरचे केस काढायची हौस. स्पर्धेला उतरणारे, आणि नुसते आरशासमोर उतरणारेही, छाती-पाठ ब्लेडनं साफ करतात. बारीक ओरखडे पडतात आणि आठवड्यात केसतुडं उठतात. तो रेझर मित्राचा असेल तर विचारायलाच नको. रक्त लागलेल्या पात्यातून कावीळ-बी जाऊ शकते. कुस्तीत फुटून सुजलेल्या कानातलं रक्त जाड सुईनं काढणारे ‘जाणकार’ आणि एकाच सिरिंजनं कसली कसली इंजेक्शनं टोचून घेणारी पोरं, हा तोच धोका शंभर पटींनी. कावीळ-बीची लस आहे. तीन डोस.

हवेतल्या संसर्गाचा धडा कोविडनं दिला. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिण कोरियातल्या चोनान शहरात झुंबासारख्या नाचाच्या व्यायामवर्गांतून ११२ जणांना लागण झाली. सुरुवात प्रशिक्षकांच्या एका कार्यशाळेतून. छोटी खोली, पन्नास मिनिटांचा वर्ग, दमछाक, जोरजोरात श्वास. त्याच काळात त्यांच्यातल्याच एका बाधित प्रशिक्षिकेनं सात-आठ जणांचे योग आणि पिलाटेसचे वर्गही घेतले होते. त्या विद्यार्थ्यांत एकही बाधित निघाला नाही. श्वास संथ होता आणि माणसं कमी होती. महाराष्ट्रातल्या जिम त्या वर्षी २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी पुन्हा उघडल्या, तेव्हा झुंबा आणि स्टीम बंद ठेवायची अट होती. ती अट उगाच नव्हती. खिडक्या उघड्या ठेवायची सवय मात्र एसीपुढे टिकली नाही.

तर मग करायचं काय? यादी छापून भिंतीवर लावता येते आणि चार दिवसांत तिच्यावर कुणाचा तरी सत्काराचा फोटो चढतो. त्यापेक्षा जे आधीपासून चालू आहे त्यातच बसेल तेवढंच टिकतं. मातीत उतरण्याआधी रांगेत उभं राहायची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. त्याच वेळी वस्तादांनी किंवा थोरल्या पठ्ठ्यानं प्रत्येकाचं अंग उजेडात बघावं. डोकं, कानामागे, मान, काखा, दंड, पाठ. माणशी अर्धं मिनिट लागतं. मुलींसाठी हे काम स्त्री प्रशिक्षकानं करावं आणि ती नसेल तर एखाद्या खेळाडूच्या आईला सांगावं. ज्याच्या अंगावर काही दिसलं त्यानं घरी जायचं नाही. त्याला जोर, बैठका, दोरी, धावणं, मुद्गल सगळं आहे, फक्त जोड नाही. सराव तुटत नाही आणि खुराक वाया जात नाही, हे एकदा कळलं की टी-शर्ट घालून येणारी पोरं कमी होतात.

लंगोटाचं पावसाळ्यात खरं अवघड आहे. आषाढात कोल्हापूरला दोन-दोन दिवस ऊन पडत नाही. दमट लंगोट कसला की बुरशीला पंगतीचं आमंत्रण. प्रत्येकाचे तीन लंगोट हवेत, दुसऱ्याचा वापरायचा नाही. ज्याला नायटा आहे त्याचे कपडे वेगळे, कढत पाण्यात. कोमट पाण्यात, तीसेक अंशांवर धुतलेल्या कापडात बुरशी जिवंत राहते, साठ अंशांला मरते. वाळल्यावर उलटे करून शिवणीवरून इस्त्री. तालमीत एक इस्त्री ठेवायला असा कितीसा खर्च येतो?

गादीसाठी फिनाईल पुरेसं नाही. फिनाईलचा वास स्वच्छतेचा असतो, म्हणून आपण त्याच्यावर विश्वास टाकतो. आधी साबणाच्या पाण्यानं घाम-मळ काढायचा, मग ताजं केलेलं ब्लीचचं पातळ पाणी किंवा जंतुनाशक फिरवायचं आणि दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. कालचं उरलेलं ब्लीचचं पाणी कामाचं नसतं. ब्लीच आणि संडासाचं ॲसिड एका बादलीत कधीही नको, त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसं जाळतो. चिरा त्याच दिवशी चिकटपट्टीनं बुजवायच्या. गादीचे बूट गादीवरच.

निवासी तालमींना खरजेचं कलम वेगळं लागतं. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर खाज, रात्री जास्त. खरजेचा किडा कातडीत बीळ करून राहतो. एकानं मलम लावून भागत नाही. खोलीतल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत परमेथ्रिन लावायचं, सकाळी अंघोळ करायची आणि आठवड्यानं पुन्हा तेच. वाकळी, चादरी गरम पाण्यातून काढायच्या. धुता येत नाहीत त्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवसांहून जास्त ठेवायच्या, कारण माणसाच्या अंगाशिवाय किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. एक जण जरी ‘मला काही नाही’ म्हणून सुटला, तर महिन्याभरात सगळी खोली पुन्हा खाजवत बसते.

आणि शेवटी पुन्हा ती ट्यूब. ज्यांच्या घरातला पोरगा किंवा पोरगी तालमीत, जिममध्ये, कबड्डीला किंवा ज्यूदोला जाते, त्यांनी आज त्यांच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात हात घालावा. सापडलेल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी कुठलंही नाव त्यात असेल आणि ती कुणा डॉक्टरानं लिहून दिलेली नसेल, तर रागावू नये. ती ट्यूब खिशात टाकावी आणि पोराला घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. डॉक्टरांच्या टेबलावर ट्यूब ठेवून किती दिवस लावली ते खरं सांगावं. थोडे दिवस जरी ती लावली असेल, तरी वर्तुळ पुसट झालेलं असू शकतं आणि मग नायटा ओळखायला डॉक्टरांना त्या ट्यूबचीच मदत होते.